दोन मालकांचा गडी

त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. श्वसनसंस्थेच्या आकृतीत फुप्फुसांखाली एक कमानदार रेघ असते, तिच्या टोकाला ‘श्वासपटल’ असं लिहिलेलं असतं, दोन गुणांचा प्रश्न येतो आणि परीक्षा झाली की विषय मिटतो. हृदयावर गाणी रचली गेली, मेंदूच्या वाट्याला शाबासकी आणि शिव्या दोन्ही आल्या, यकृताचीही दारूच्या निमित्ताने का होईना चर्चा होते. श्वासपटलाला असं काही मिळालं नाही. छाती आणि पोट यांच्या मधे राहणारा हा गडी दिवसाला साधारण वीस हजार वेळा खाली-वर करतो, दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही त्याचीच, आणि आपल्याला त्याची आठवण होते ती उचकी लागल्यावर.

मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे ते वेगळ्या कारणाने. अपघात, भूकंप, पूर, घरातली मारहाण, बलात्कार, दंगल, युद्ध असं काही माणसावर येतं, तेव्हा पहिला धक्का ज्यांना बसतो त्यांत हा असतो. वर्षं लोटतात, जखमा भरतात, पंचनामे आणि नुकसानभरपाईच्या फायली बंद होतात, तरी याच्या अंगातून ती घटना गेलेली नसते. असे घाव शरीराच्या वाटेने भरून काढण्याच्या ज्या पद्धती गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभ्या राहिल्या, त्यांना कधी ना कधी याच्या दाराशी यावंच लागलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की याच्याशी कसं वागायचं हे ज्याला कळलं, त्याला त्या दुखावलेल्या माणसाशी कसं वागायचं तेही कळलं.

आधी तो दिसतो कसा ते सांगते. उपडी ठेवलेली कढई डोळ्यांपुढे आणा. उजवीकडे जरा जास्त उंच, कारण तिथे खालून यकृत रेटा देत असतं. कडांना लालसर स्नायू, मधोमध पांढरट, चिवट पडदा. पुढून तो छातीच्या हाडाच्या टोकाला धरून असतो, बाजूंनी खालच्या सहा बरगड्यांना आणि मागून थेट कमरेच्या मणक्यांना. हृदयाभोवतीची पिशवी त्याच्या पाठीला जोडलेली आहे, त्यामुळे तो उतरला की हृदयही किंचित उतरतं. त्याच्यातून तीन वाटा जातात: अशुद्ध रक्त वर नेणारी महाशिर, महाधमनी आणि अन्ननलिका. अन्ननलिकेचं बोट धरून व्हेगस नावाचा मज्जातंतूही खाली पोटात उतरतो. त्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

शांत बसलेलं असताना हा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलतो. खोल श्वास घेतला तर सहा ते दहा सेंटिमीटर. तो आवळला की सपाट होतो, छातीत जागा होते, हवा आत येते. श्वास सोडताना मात्र, आपण शांत असलो तर, त्याला काही करावं लागत नाही. तो फक्त सैल पडतो. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण घाबरलेल्या माणसाला घेणं जमत असतं, अडतं ते हे सैल पडणंच.

त्याला हुकूम आणणारा मज्जातंतू मानेतून निघतो, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवरून. छातीखालच्या स्नायूला मानेतून तार कशासाठी? गर्भात त्याचा पहिला अंकुर मानेच्या भागातच फुटतो, मग तो खाली सरकत जातो आणि आपला मज्जातंतू बरोबर ओढत नेतो. आईच्या पोटात, जिथे हवा म्हणून नसते, तिथे तो आठवडेच्या आठवडे हालचालीचा सराव करत असतो. असा पूर्ण स्नायूचा पडदा फक्त सस्तन प्राण्यांना मिळाला आहे. पक्ष्यांना, सरड्यांना, बेडकांना तो नाही.

आता त्याच्या स्वभावाकडे येऊ. त्याचं सगळं वेगळेपण एका गोष्टीत आहे: त्याला दोन मालक आहेत. एक मालक मेंदूच्या देठात बसतो. लॉस एंजेलिसच्या जॅक फेल्डमन यांच्या चमूने १९९१ साली तिथला पेशींचा एक लहानसा पुंजका दाखवून दिला, जो श्वासाचा ताल धरतो. प्री-बॉटझिंगर असं त्याचं नाव आहे. आपण झोपलो, बेशुद्ध झालो, गणितात बुडालो, तरी हा मालक काम थांबू देत नाही. दुसरा मालक म्हणजे आपली इच्छा. बोलायचं, गायचं, शंख फुंकायचा, पाण्यात बुडी मारायची, तर तो पहिल्याला बाजूला सारून स्वतः सूत्रं हातात घेतो. हृदयाला ‘थांब’ म्हणून पाहा, ऐकणार नाही. जठराला ‘आत्ता पचव’ म्हणून पाहा. जिवाला धरून असलेल्या सगळ्या कामांत दोन्हीकडून हुकूम घेणारं काम हे एकच. आपोआप चालणाऱ्या शरीरात जाणतेपणी पाऊल टाकण्याजोगी एवढी मोठी वाट दुसरी नाही.

पहिला मालक चांगला काळजीवाहू आहे. दर पाच-सहा मिनिटांनी तो या गड्याकडून एक दुप्पट श्वास घेववतो. तो उसासा आपल्या लक्षातही येत नाही, पण त्याने फुप्फुसांतल्या मिटलेल्या वायुकोशिका पुन्हा उघडतात. २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगात या उसाशांमागच्या पेशीही सापडल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याहून मोलाचं काही हाती आलं. त्या ताल धरणाऱ्या पुंजक्यातल्या काही मोजक्या पेशी मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या, सावध करणाऱ्या केंद्राला सतत खबर देत असतात. त्या पेशी काढून टाकलेले उंदीर विलक्षण शांत झाले. म्हणजे हा गडी हुकूम नुसते झेलत नाही. तो कसा चालतोय याची वर्दी वर जाते, आणि त्या वर्दीवरून मेंदू ठरवतो की घाबरायचं की निवांत राहायचं.

संकटात तो काय करतो ते पाहा. मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, खांदे वर जातात, पोट आवळतं, आणि श्वास आत ओढून तिथेच धरला जातो. मग मानेचे, वरच्या छातीचे स्नायू पुढे येतात आणि श्वास वरवरचा, भराभर चालू लागतो. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५च्या आपल्या पुस्तकात लढण्याची किंवा पळण्याची ही तयारी पहिल्यांदा नीट मांडली. पळायला मिळालं, लढायला मिळालं, तर ती तयारी कामी येते आणि सरते. ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस कुठे पळणार? बापाच्या पट्ट्यापुढे उभं राहिलेलं सहा वर्षांचं पोर कुणाशी लढणार? तिथे शरीर तिसरी गोष्ट करतं. थिजतं. आणि आपला गडी आवळलेल्या अवस्थेत राहून जातो.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यात अजून कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, लोक उशिरा झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासच्या गावांतली दगडमातीची, जड माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांतले कितीतरी जण नंतर पक्क्या छताखाली झोपायला तयार नव्हते. बाहेरून येणाऱ्याला ही अंधश्रद्धा वाटेल. नवं घर वेगळं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणारा मेंदू वेगळा आणि ट्रकचा धक्का जमिनीतून आला की छातीत धस्स करणारा वेगळा. पहिल्या मालकाला तारीख कळत नाही. त्याच्या लेखी ती पहाट अजून चालूच असते.

यात आणखी एक चक्र आहे, आणि ते समजून घेतलं तर घाबरलेल्या माणसावरचा आपला राग कमी होईल. वरवरचा, भराभर श्वास चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि हवा पुरत नाही असं वाटू लागतं. हवा पुरत नाही म्हणून माणूस आणखी जोरात ओढतो. मेंदू ही लक्षणं वाचतो आणि म्हणतो, बघ, खरंच काहीतरी भयंकर चाललंय. खोलीत काहीही झालेलं नसतं. शेजारचे म्हणतात, ‘नाटकं आहेत.’

मनाचा उपचार करणाऱ्यांनी या गड्याकडे फार उशिरा पाहिलं. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेले सैनिक थरथरत होते, त्यांची वाचा गेली होती, पाय चालत नव्हते. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्याबद्दल ‘शेल शॉक’ हे नाव छापलं. शरीर एवढं उघड बोलत होतं, तरी पुढे बरीच दशकं उपचार झाला तो मुख्यतः बोलण्याचा. फ्रॉइड यांचा शिष्य विल्हेल्म राइश याच्या मात्र ध्यानात आलं की रुग्ण एखाद्या नाजूक आठवणीपाशी आला की श्वास रोखतो, आणि भावना दाबण्याची सर्वांत जुनी युक्ती हीच असावी. राइशच्या पुढच्या कल्पना पार भरकटल्या आणि शास्त्राने त्या टाकून दिल्या, ते योग्यच झालं. हे एक निरीक्षण मात्र टिकलं. १९९७ साली पीटर लेव्हिन यांचं ‘वाघाला जागं करताना’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं. हरणं थिजल्यावर थरथरून मोकळी होतात, माणूस ती थरथर दाबतो, असं त्यांचं सांगणं. त्यांच्या पद्धतीत माणसाला घटना सांगायला लावत नाहीत. अंगात आत्ता काय जाणवतंय, कुठे घट्ट आहे, कुठे बरं आहे, एवढंच विचारतात, आणि थोडं जाणवलं की लगेच सुरक्षित जागी परत आणतात.

मला सर्वांत पटलेलं काम अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनच्या ट्रॉमा सेंटरमधलं आहे. मनोविकारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क तिथे होते, आणि डेव्हिड इमर्सन यांनी तिथे योगाचा एक निराळा वर्ग बसवला. लहानपणापासून अत्याचार सोसलेल्या, इतर उपचारांनी न सुधारलेल्या ६४ स्त्रियांना त्यांनी दोन गटांत घेतलं. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा योग केला. दुसऱ्याला तितकाच वेळ आरोग्याविषयी माहितीचे वर्ग मिळाले. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. योगाच्या गटातल्या ३१पैकी १६ जणी आता आघातोत्तर ताणाच्या आजाराच्या व्याख्येत बसत नव्हत्या. दुसऱ्या गटात २९पैकी ६.

आकडे चांगले आहेत. मला त्याहून मोठी वाटते ती त्या वर्गाची रीत. शिक्षक अंगाला हात लावत नाही. पाठीमागे येऊन उभा राहत नाही. ‘पाय उचला’ असं म्हणत नाही. ‘वाटलं तर पाय उचलून पाहा, नको वाटलं तर राहू द्या’ असं म्हणतो. योगाच्या वर्गात दुरुस्ती करून घेण्याची सवय असलेल्यांना हे फार मऊ वाटेल. पण जिच्या शरीराशी काय करायचं हे कायम दुसऱ्याने ठरवलं, तिला ‘हा हात हलवायचा की नाही ते तू ठरव’ हे कुणी पहिल्यांदाच म्हणत असतं. औषध तिथे आहे. आसन हे केवळ त्याचं निमित्त.

माझ्या मावसबहिणीचं, ताईचं, मी जवळून पाहिलं. घाटात बस उलटली, मनगट मोडलं, बरगडीला तडा गेला. हाडं व्यवस्थित जुळली. पण रिक्षा चौकात वळली तरी ताई श्वास धरायची, आणि घरी येईपर्यंत तो सुटायचा नाही. तिचा मुलगा कळकळीने म्हणायचा, ‘आई, दीर्घ श्वास घे ना गं.’ ती घ्यायची, आणि हातांना मुंग्या येऊन आणखी घाबरायची. मग मनगटाच्या व्यायामासाठी ती जिच्याकडे जायची त्या फिजिओथेरपिस्ट मुलीच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, ‘काकू, श्वास घेऊच नका. आधी मला सांगा, पाय कुठे टेकलेत?’ ताई म्हणाली, ‘फरशीवर.’ ‘फरशी कशी आहे?’ ‘गार आहे की.’ ‘पाठ कुठे टेकलीय?’ असं बरंच चाललं. मग ती म्हणाली, ‘आता जेवढा आहे तेवढा सोडून द्या. हळू. नाही जमला तरी काही बिघडत नाही. आणि नको वाटलं तर हात वर करा, मी तिथेच थांबते.’

ताईने पहिल्याच दिवशी हात वर केला. मुलगी थांबली आणि मनगटाकडे वळली. ताई मला नंतर म्हणाली, ‘ती खरंच थांबली गं. म्हणून मी परत गेले.’ त्या खोलीत अपघाताची हकिगत कुणी विचारली नाही, तिने सांगितली नाही. हळूहळू ती बसने जाऊ लागली. वळणावर समोरच्या सीटची दांडी अजून घट्ट धरते, पण बोलणं न थांबवता.

सोडण्यावर त्या मुलीचा भर होता, त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सोडताना मंदावते. कार्ल लुडविग यांनी हे १८४७ सालीच नोंदलं. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडलात तर तुम्हालाही कदाचित जाणवेल. सोडताना तो मघाचा व्हेगस मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की हृदय, रक्तदाब आणि श्वास एका तालात येऊ लागतात. इटलीत लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ साली दाखवलं की लॅटिनमधली मेरीची जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र, दोन्ही म्हणणाऱ्याचा श्वास आपसूक याच गतीवर येतो. जात्यावर ओवी लांबवणाऱ्या बायकांनाही श्वास सोडण्याची लांब वाट माहीत होती. सासरचं दुःख त्या दळणाच्या वेळीच का गात, याचं एक कारण मला इथे दिसतं.

आणि महाराष्ट्राला तर या गड्याचा फार जुना परिचय आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान आणि नौली या योगक्रियांत पोटात नेमकं काय होतं हे त्यांना श्रद्धेवर सोडायचं नव्हतं. क्ष-किरणांनी पाहायचं, दाब मोजायचा, ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकात छापायचं, असा त्यांचा खाक्या होता. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून छाती फुलवली की श्वासपटल वर ओढलं जातं. जे शरीरात एरवी कुणाला दिसत नाही, त्याची हालचाल त्यांनी उजेडात आणली. आज योगावर होणाऱ्या सगळ्या मोजमापाच्या मुळाशी ही लोणावळ्याची चिकाटी आहे, आणि ते आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

मोठ्या आपत्तींतही श्वासाच्या या वाटेची परीक्षा झाली आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिनमच्या छावण्यांतल्या १८३ लोकांबरोबर श्वसनाचा एक अभ्यास झाला. चार दिवसांत आठ तास शिकवलं, आणि सहा आठवड्यांनी शिकलेल्यांची लक्षणं अजून शिकायची वाट पाहणाऱ्या गटापेक्षा पुष्कळ उतरलेली होती. मात्र गट चिठ्ठ्या टाकून नव्हे, छावणीनुसार पाडले होते, म्हणून तो निकाल जरा हात राखून वाचावा. २००८ साली कोसी नदीने बिहार बुडवला तेव्हा शर्ली टेलिस आणि सहकाऱ्यांनी पूरग्रस्त २२ पुरुषांचे चिठ्ठ्यांनी दोन गट केले. आठवडाभर योग केलेल्यांचं दुःख कमी झालं. न केलेल्यांची चिंता त्याच आठवड्यात वाढली. बावीस माणसं आणि एक आठवडा, यावरून डंका पिटता येत नाही. पण पुराचा चिखल वाळलेला नसताना, मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसताना, एवढंही हाताशी असणं मला मोठं वाटतं.

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था सुरू केली. माणसांच्या व्यापारातून सुटलेल्या मुली तिथे नाचाच्या, हालचालीच्या वाटेने आपलं शरीर परत ताब्यात घेतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर त्यांनी या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालवला. आपल्याकडच्या आश्रमशाळांत, महिला वसतिगृहांत, बालगृहांत अशी शिकलेली माणसं पोचायला हवीत.

या क्षेत्रात वाढवून सांगणारे बरेच आहेत, म्हणून तेही बोललं पाहिजे. व्हेगस मज्जातंतूवर १९९४पासून स्टीफन पोर्जेस यांनी उभारलेला सिद्धान्त उपचारकांत फार लाडका आहे, पण शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याच्या पायालाच आक्षेप घेतले आहेत. लेव्हिन यांच्या पद्धतीवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शनात शिफारस केली ती आघातावर बेतलेल्या बोधन-वर्तन उपचाराची आणि डोळ्यांच्या हालचालींसह केल्या जाणाऱ्या ईएमडीआरची. शरीराच्या वाटेचे उपचार त्यांच्या सोबतीला घ्यावेत, त्यांच्या जागी नकोत. दोन दिवसांच्या शिबिरात जोरजोरात श्वास करायला लावून ‘सगळं बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावं. अंधाऱ्या सभागृहात, अनोळखी गर्दीत, मोठ्या आवाजात आघात झालेल्या माणसाचा श्वास भडकवणं म्हणजे त्याला पुन्हा त्या प्रसंगात ढकलणं आहे. त्याला मी उपचार म्हणणार नाही.

काहींना तर श्वासाकडे लक्ष देणंच सोसत नाही. ज्याचा गळा कुणी दाबला होता, ज्याच्या तोंडावर उशी धरली होती, जो पाण्यात बुडता बुडता वाचला, त्याच्यासाठी श्वास हीच त्या प्रसंगाची खूण असते. त्याला पायाच्या तळव्यांपासून, हातातल्या गार पेल्यापासून, खिडकीतून दिसणाऱ्या झाडापासून सुरुवात करता येते. चांगला उपचारक गड्याला हाक न मारता त्याच्या आजूबाजूचं वातावरण निवळू देतो. तो कधीतरी आपणच सैल पडतो. कधी जांभई येते, कधी पोटात गुरगुरतं, कधी हुंदका फुटतो. हुंदका म्हणजे या गड्याचे एकापाठोपाठ एक बसणारे हिसके. बहुतेक घरांत तो फुटला की आपण लगेच ‘गप गप, रडायचं नाही’ म्हणतो. ते म्हणू नये. त्याचं काम त्याला पुरं करू द्यावं.

दुसऱ्या मालकाला, म्हणजे इच्छेला, वाटतं की दामटलं की काम होतं. बाकी आयुष्यात ते खरंही असेल. हा गडी घाबरलेला असताना जोर लावला की आणखी आवळतो. विचारलं, वेळ दिली, नकार ऐकून घेतला, तर सावकाश खाली उतरतो. त्याला आठवडे लागोत की वर्षं, त्याची घाई करण्याचा अधिकार ना नवऱ्याला आहे, ना आईला, ना डॉक्टरांना.

म्हणून एवढं करा. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, अपघातातून, हिंसेतून, आपत्तीतून आलेलं, तर ‘झालं ते झालं, विसर’ म्हणू नका आणि ‘लांब श्वास घे’ असा हुकूमही सोडू नका. शेजारी बसा, पाठीवर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा, आणि तुमचा स्वतःचा श्वास सावकाश असू द्या. रात्री झोप लागत नसेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं येत असेल, तर वाट पाहू नका. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.